पोळी-भात कमी केला, तर प्रथिने किती खावीत?

वजन कमी करायचे असेल किंवा रक्तातली साखर आटोक्यात आणायची असेल, तर पोळी, भात, बटाटा आणि गोड पदार्थ कमी करा, हा सल्ला आता घरोघरी पोहोचला आहे. शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या डब्यात पोळी नसतेच. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. पण ताटातून पोळी-भात काढल्यावर रिकाम्या जागेत काय वाढायचे, याबद्दल मात्र एकमेकांविरुद्ध जाणारे सल्ले ऐकू येतात. एक जण म्हणतो, प्रथिने भरपूर खा, कितीही खाल्ली तरी चालतात. दुसरा बजावतो, प्रथिने जपून खा, जास्तीच्या प्रथिनांची शरीरात साखरच होते. आणि बरेच लोक कोणताच सल्ला न ऐकता पोळी सोडतात, तिच्या जागी काहीही घेत नाहीत, आणि महिन्याभरात वजन उतरले म्हणून खूश होतात. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही.

म्हणून या लेखात आपण एकच प्रश्न घेऊ: कर्बोदके कमी केल्यावर प्रथिने किती खावीत? उत्तर शेवटी एका साध्या गुणाकारात बसते. पण तो गुणाकार कुठून आला हे समजले, तर पुढे ऐकू येणाऱ्या कोणत्याही सल्ल्याची पारख आपली आपल्याला करता येईल.

कमी म्हणजे किती कमी?

आधी शब्दांचा अर्थ नक्की करू. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर मेदाच्या एका ग्रॅमपासून ९. भारतात मोठ्या प्रमाणावर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या रोजच्या ऊर्जेतला सरासरी ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आणि १२ टक्के वाटा प्रथिनांचा आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात याचा अर्थ सुमारे ३१० ग्रॅम कर्बोदके आणि ६० ग्रॅम प्रथिने असा होतो.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील, तर त्या आहाराला सामान्यपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. हे प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणले, की यकृत मेदापासून कीटोन नावाचे पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते. या आहाराला कीटोजनी आहार म्हणतात. पोळ्या चारच्या दोन करणे आणि कीटोजनी आहार घेणे यांत बरेच अंतर आहे, हे लक्षात ठेवू.

सरपण आणि तुळई

कर्बोदके आणि मेद ही मुख्यतः शरीराची इंधने आहेत. प्रथिनांचे मुख्य काम वेगळे आहे. स्नायू, त्वचा, हिमोग्लोबिन, पचनाचे विकर, रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये हे सारे प्रथिनांचेच बनलेले असते. घराच्या भाषेत सांगायचे तर पहिली दोन सरपणाची लाकडे आहेत आणि प्रथिने ही छपराची तुळई. तुळई जाळूनही चूल पेटते, पण ती जाळण्याची पाळी येऊ नये.

यात आणखी एक अडचण आहे. मेद साठवायला शरीरात भरपूर जागा आहे. कर्बोदकांचा थोडासा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत असतो. प्रथिनांसाठी मात्र वेगळे कोठार नाही. शरीरातले प्रत्येक प्रथिन कुठल्या ना कुठल्या कामावर असते. त्यामुळे प्रथिने कमी पडली की शरीर ती कामावरूनच काढून घेते, आणि बहुतेक वेळा स्नायूंमधून.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनांची मोडतोड होते आणि जवळजवळ तितकीच नव्याने बांधली जातात. मोडलेल्या प्रथिनांतली बहुतेक अमिनो आम्ले पुन्हा वापरली जातात. थोडी मात्र प्रत्येक फेरीत जळून जातात आणि त्यांतले नत्र युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडते. रोजच्या जेवणातून भरून काढायची ती ही घट.

ही घट मोजायची रीत सोपी आहे. प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे १ ग्रॅम नत्र दिसले, की त्यामागे ६.२५ ग्रॅम प्रथिने आहेत असे समजायचे. अन्नातून किती नत्र आत गेले आणि लघवी, शौच, घाम यांतून किती बाहेर पडले, यांचा जमाखर्च मांडायचा. जमा आणि खर्च सारखे असतील तर समतोल. खर्च जास्त असेल तर शरीरातले प्रथिन घटते आहे.

अशा अनेक प्रयोगांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आकडे प्रसिद्ध केले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२० साली तेच स्वीकारले. सरासरी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे रोज ०.६६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पुरतात, आणि जवळजवळ सर्वांना पुरावीत म्हणून शिफारस ०.८३ ग्रॅमची आहे. ६५ किलोच्या पुरुषासाठी ही शिफारस ५४ ग्रॅम होते. प्रथिने प्रामुख्याने तृणधान्ये आणि डाळींतून मिळत असतील, तर दर किलोला १ ग्रॅम धरणे बरे.

पण या आकड्यामागे एक अट आहे. हे प्रयोग ज्यांच्यावर झाले, त्यांना पोटभर ऊर्जा मिळत होती आणि त्यांच्या ताटात पुरेशी कर्बोदकेही होती. ती काढून घेतली तर काय होते?

मेंदूचा हट्ट

मेंदू नेहमी ग्लुकोजवर चालतो. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा जेमतेम १०० ग्रॅमचा, म्हणजे उपाशी माणसाला तो एक दिवसही धड पुरत नाही. स्नायूंमधला साठा मोठा असतो, पण स्नायू तो रक्तात परत सोडू शकत नाहीत. मेदाम्लांपासून शरीराला ग्लुकोज बनवता येत नाही. मेदाच्या रेणूतला ग्लिसरॉलचा छोटा भाग तेवढा उपयोगी पडतो. उरते काय? अमिनो आम्ले. यकृत त्यांच्यातले नत्र काढून टाकते आणि उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज तयार करते. १०० ग्रॅम प्रथिनांपासून साधारण ५० ते ६० ग्रॅम ग्लुकोज मिळू शकते.

आता हिशेब करू. मेंदूचे सगळे १२० ग्रॅम ग्लुकोज प्रथिनांपासूनच करायचे ठरवले, तर रोज २०० ग्रॅमहून जास्त प्रथिने लागतील. स्नायूंमध्ये प्रथिने वजनाने सुमारे एक पंचमांश असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे रोज किलोभर स्नायू खर्ची पडतील. असे झाले तर उपाशी माणूस दोन-तीन आठवड्यांत दगावेल. पण धडधाकट माणसे पाणी पिऊन दोन-दोन महिने तग धरतात, हे ठाऊक होते. मग हे गणित कुठे चुकते?

याचे उत्तर १९६७ साली बोस्टनमध्ये ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. उपचारासाठी पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. मेंदू आपल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग कीटोनांपासून मिळवत होता! उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत लघवीतून रोज सुमारे १२ ग्रॅम नत्र जाते. १२ ला ६.२५ ने गुणले, की ७५ ग्रॅम प्रथिने, म्हणजेच पावणेचारशे ग्रॅम स्नायू. पाच-सहा आठवड्यांनी हेच नत्र चार-पाच ग्रॅमवर येते. मेंदूने इंधन बदलले आणि स्नायू वाचले.

कमी कर्बोदकांच्या आहारात हीच यंत्रणा सौम्य रूपात काम करते. पण ती पूर्ण वेगात यायला दिवस लागतात, आणि तोवर ग्लुकोजची तूट प्रथिनांतून भरली जाते. कर्बोदके कमी पण कीटोन पुरेसे बनणार नाहीत इतपत जास्त, अशा मधल्या आहारात तर प्रथिनांवर थोडा भार कायमच राहतो. म्हणून या आहारात प्रथिनांची गरज नेहमीपेक्षा वाढते. ऊर्जाही कमी केली असेल, तर ती आणखी वाढते.

सुखात्मे यांनी दाखवलेली बाजू

ऊर्जा आणि प्रथिने यांचे हे नाते आपल्याकडे एका वेगळ्याच वादात ठळक झाले. १९६०च्या दशकात जगात प्रथिनांची भयंकर तूट आहे असे मानले जात होते, आणि १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटाचा इशारा देणारा अहवाल काढला. गरीब देशांतल्या मुलांसाठी प्रथिनयुक्त खास पदार्थ बनवण्याच्या योजना आखल्या गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा रोमला अन्न व शेती संघटनेत होते, पुढे ते पुण्यात आले. भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे तपासून त्यांनी वेगळेच म्हणणे मांडले. ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात, ते जवळजवळ सगळे मुळात पोटभर जेवतच नाहीत. नेहमीचीच भाकरी-डाळ पुरेशी मिळाली, तर बहुतेकांना प्रथिनेही पुरतील. आणि पोट अर्धे असताना दिलेली महागडी प्रथिने शरीर सरपण म्हणून जाळून टाकील.

सुखात्मे यांच्यापुढे होते ते नाइलाजाने अर्धपोटी राहणारे लोक. आपला आजचा वाचक आपण होऊन ताट कमी करतो आहे. पण शरीराला हा फरक कळत नाही. ऊर्जा कमी पडली की प्रथिने जळतात, मग ताट गरिबीने रिकामे असो वा वजनकाट्याच्या धाकाने.

मग आकडा कोणता?

आता तीन प्रयोगांकडे पाहू.

पहिला लहान मुलांचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, कीटोजनी आहार सुचवला. तिथलेच पीटरमन यांनी १९२५ साली त्याची मापे सांगितली: दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि बाकी सारा मेद. तिथे कीटोन जास्तीत जास्त वाढवायचे होते, म्हणून प्रथिने गरजेपुरतीच ठेवली होती. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात हा आहार आजही, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, दिला जातो.

दुसरा प्रयोग १९८३ सालचा, स्टीफन फिनी यांचा. कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके आणि दर किलोमागे १.७५ ग्रॅम प्रथिने दिली. ऊर्जा मात्र पुरेशी होती. सुरुवातीला नत्राचा जमाखर्च तुटीत गेला, पण पुढे समतोल परत आला.

तिसरा १९८४ सालचा, हॉफर आणि बिस्ट्रियन यांच्या गटाचा. आपल्या प्रश्नाला तो सर्वांत जवळचा आहे. वजन उतरवण्यासाठी दिवसाला फक्त ५०० किलोकॅलरी घेणाऱ्या स्थूल स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला आदर्श वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅम प्रथिने, दुसऱ्याला ०.८ ग्रॅम प्रथिने आणि उरलेल्या भागाची कर्बोदके. सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर पहिल्या गटाचा नत्र-समतोल शून्याजवळ आला. दुसऱ्या गटाची तूट चालूच राहिली. ०.८ ग्रॅम हे प्रमाण पोटभर जेवणाऱ्या माणसाला पुरते, ताट कमी केलेल्याला ते पुरत नाही, हे या प्रयोगाने दाखवले.

यांवरून निरोगी प्रौढांसाठी, कर्बोदके कमी केली असताना, दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण योग्य ठरते. भरपूर व्यायाम करणाऱ्यांना किंवा अंगमेहनतीचे काम असणाऱ्यांना ते १.६ ते १.८ पर्यंत लागू शकते. साठी उलटलेल्यांनी १.२ च्या खाली जाऊ नये, कारण वयाप्रमाणे स्नायू तसेही घटत असतात.

इथे दोन गोष्टी सांभाळायला हव्यात.

पहिली म्हणजे हिशेब किलोमागे करावा, टक्क्यांत करू नये. समजा, कोणी २००० किलोकॅलरींवरून १२०० वर आले आणि प्रथिनांचा वाटा पूर्वीसारखाच १२ टक्के राहिला. पूर्वी ६० ग्रॅम प्रथिने मिळत होती, आता फक्त ३६ मिळतील. टक्के तेच, पण प्रथिने जवळजवळ निम्मी! शरीराची घट मात्र टक्केवारी बघून कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, किलो कोणते धरायचे? चरबीच्या पेशींना प्रथिने फारशी लागत नाहीत. म्हणून वजन फार जास्त असेल, तर उंचीला साजेसे वजन धरावे. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून त्याला २२ ने गुणले, की ते मिळते. १.६० मीटर उंचीच्या आणि ८५ किलो वजनाच्या एखाद्या बाई घेऊ. १.६० × १.६० × २२ म्हणजे सुमारे ५६ किलो. त्यांना रोज ६७ ते ८४ ग्रॅम प्रथिने हवीत. आपण मध्यावरचा ७५ हा आकडा पुढच्या हिशेबासाठी धरू.

वर मर्यादा आहे का?

आहे. ध्रुवीय प्रदेशातला संशोधक व्हिल्यालमुर स्टेफान्सन बरीच वर्षे इन्युइट लोकांबरोबर राहून मांस आणि मासे यांवरच जगला होता. त्याच्या म्हणण्यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा १९२८ साली तो आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाले आणि वर्षभर देखरेखीखाली केवळ मांसाहार करून राहिले. सुरुवातीला स्टेफान्सनला मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले गेले. दोन-तीन दिवसांत त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस देताच तो बरा झाला. पुढे वर्षभर दोघांच्या आहारात प्रथिने रोज १०० ते १४० ग्रॅमच होती. तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा मेदातून येत होती. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. हिवाळ्यात नुसत्या रोड सशांवर राहणारा माणूस पोटभर खाऊनही खंगतो, असे ते सांगत.

कारण असे, की प्रथिन जाळले की त्यातले नत्र अमोनियाच्या रूपाने सुटते. अमोनिया विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करते, पण या कामाचा वेग ठरलेला आहे. म्हणून प्रथिने हे मुख्य इंधन होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या आहारविषयक शिफारशींत एकूण ऊर्जेच्या ३५ टक्के ही प्रथिनांची वरची हद्द धरली आहे. पोळी-भात कमी केल्यावर ऊर्जेची उणीव भरून काढायची ती मेदाने: शेंगदाणे, तीळ, खोबरे, तेल, तूप, दूध, मासे यांनी. मेदाला भिऊन तोही कमी केला आणि पोळीही सोडली, तर उपासमारच उरते.

मग जास्तीच्या प्रथिनांची साखर होते, या इशाऱ्याचे काय? अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनते हे खरे. पण यकृत ते गरजेप्रमाणे बनवते, समोर आले म्हणून नव्हे. फ्रान्समध्ये २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना अंड्यांतून २३ ग्रॅम प्रथिने दिली. पुढच्या आठ तासांत शरीराने बनवलेल्या सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोजपैकी त्या प्रथिनांपासून आलेले ग्लुकोज केवळ ४ ग्रॅम होते. दोन अंडी जास्त खाल्ली तर ती साखर खाल्ल्यासारखी होत नाहीत.

प्रत महत्त्वाची

प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी ९ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. एकही कमी पडले तर बांधकाम अडते. हा धडा अमेरिकेत फार महागात शिकला गेला. १९७६-७७ साली तिथे वजन उतरवण्यासाठी द्रवरूप प्रथिनांची लाट आली होती. जनावरांच्या कातड्यांतल्या कोलॅजनपासून ही पेये बनत. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. दिवसाला ३०० ते ४०० किलोकॅलरींवर महिनोन्महिने राहिलेल्या सुमारे ६० जणांचे मृत्यू नोंदले गेले, त्यांतले अनेक हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून. हलक्या प्रतीची प्रथिने, पोटॅशियमसारख्या क्षारांची उणीव आणि फारच कमी ऊर्जा, अशी कारणे यामागे सांगितली जातात. डब्यावर प्रथिनांचे ग्रॅम छापलेले असले, तरी ते कशापासून आले हे पाहावे ते यासाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनाही, स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत असेच सांगतात.

आपल्या ताटातला पेच

शाकाहारी मराठी घरात प्रथिने म्हटली की डाळ आठवते. पण डाळीत प्रथिनांच्या दुपटीहून अधिक कर्बोदके असतात. पुढे दिलेले आकडे कच्च्या पदार्थाच्या १०० ग्रॅममधले आहेत आणि ते अंदाजे आहेत.

तूरडाळ: प्रथिने २२, कर्बोदके ५५
मूगडाळ: प्रथिने २४, कर्बोदके ५३
गव्हाचे पीठ: प्रथिने १०.५, कर्बोदके ६४
तांदूळ: प्रथिने ८, कर्बोदके ७८
शेंगदाणे: प्रथिने २४, कर्बोदके १७
सोयाबीनच्या वड्या: प्रथिने ५२, कर्बोदके ३३
पनीर: प्रथिने १९
गाईचे दूध: प्रथिने ३.२, कर्बोदके ४.८
अंडी: प्रथिने १३, कर्बोदके जवळजवळ नाहीत
कोंबडीचे मांस, मासे: प्रथिने सुमारे २०, कर्बोदके नाहीत

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. मासे-मटण खाणाऱ्यांना ७५ ग्रॅमचा टप्पा गाठणे अवघड नाही. आपल्या उदाहरणातल्या बाई शाकाहारी असतील, तर काय? ७५ ग्रॅम प्रथिने फक्त तूरडाळीतून मिळवायची, तर ३४० ग्रॅम कच्ची डाळ लागेल, आणि तिच्याबरोबर १८७ ग्रॅम कर्बोदके येतील. म्हणजे पोळी सोडूनही आहार कमी कर्बोदकांचा राहिला नाही!

दुसरी जुळणी पाहू. दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही (१६ ग्रॅम प्रथिने), १०० ग्रॅम पनीर (१९), ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (२६), ३० ग्रॅम शेंगदाणे (७) आणि ३० ग्रॅम डाळीची आमटी (७). बेरीज ७५. यांतून सुमारे ६० ते ६५ ग्रॅम कर्बोदके येतात. पालेभाज्या, फळभाज्या आणि एखादी छोटी भाकरी धरली, तरी १३० ग्रॅमच्या आत राहता येते. २०-३० ग्रॅमचा कीटोजनी आहार मात्र दूध-डाळ खाऊन साधत नाही. तो शाकाहारी घरात फार कठीण आहे, आणि बहुतेकांना त्याची गरजही नाही.

भाकरी-पोळी सोडताना आणखी एक गोष्ट निसटते. रोजच्या चार पोळ्यांसाठी १२० ग्रॅम पीठ लागत असेल, तर त्यांतून १२-१३ ग्रॅम प्रथिने मिळत होती. तृणधान्ये आणि डाळी एकत्र खाल्ल्या, की एकातल्या अमिनो आम्लांची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने शहाणपणाची आहे ती यामुळे. जोडीतला भात काढला, तर तिचे काम दूध, सोयाबीन किंवा अंडी यांच्यावर सोपवावे लागते.

कोणी सावध राहावे

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना डॉक्टर अनेकदा प्रथिने ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवायला सांगतात. त्यांनी वरचा गुणाकार स्वतःला लावू नये. निरोगी मूत्रपिंडांना १.२ ते १.५ ग्रॅमने इजा होते असे दिसलेले नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर मूत्रपिंडाचा आजार लक्षणांवाचूनही असू शकतो, तेव्हा आधी तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना एकदम कर्बोदके कमी केली, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. ग्लिफ्लोझिन वर्गातली औषधे चालू असतील, तर रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोका असतो. या सर्वांनी डॉक्टरांशी बोलून, औषधांचे प्रमाण ठरवूनच आहार बदलावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच वाढत्या वयाची मुले यांनी वजनासाठी असा आहार घेऊ नये. शाळेत एखादी मुलगी डबा टाळू लागली आहे असे दिसले, तर शिक्षकांनी तिच्याशी आणि पालकांशी बोलणे गरजेचे आहे.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या मुलांना हा हिशेब छान जमतो. एका काल्पनिक कुटुंबाचा दिवसभराचा शिधा फळ्यावर लिहा: पीठ, तांदूळ, डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी. मुलांच्या स्वतःच्या घरचा शिधा किंवा त्यांची वजने विचारू नका, उगीच तुलना होते. वरचे आकडे देऊन त्यांना एकूण प्रथिने काढायला सांगा आणि कुटुंबातल्या प्रत्येक प्रौढाच्या ०.८३ ग्रॅमच्या हिशेबाशी ताडून पाहा. मग पीठ आणि तांदूळ निम्मे करा आणि विचारा, किती ग्रॅम प्रथिने कमी झाली? किती किलोकॅलरी कमी झाल्या? ती भरून काढायला शिध्यात काय आणि किती वाढवावे लागेल? शेवटी प्रत्येक पदार्थाचा गावातला भाव लिहून, तीच प्रथिने सर्वांत स्वस्त कशातून मिळतात हेही काढायला लावा. सोयाबीन, शेंगदाणे आणि डाळी बहुधा पहिल्या नंबरांत येतील, आणि जाहिरातीतल्या पावडरीचा डबा शेवटी. मुले हा तक्ता घरी दाखवतील, तेव्हा पोळी सोडलेल्या मोठ्यांनाही आपला हिशेब तपासून पाहता येईल.